५० किलोचं पोतं ५ किलोचं होत नाही: एक्झो-सूटच्या फॉरवर्डला उत्तर

बेळगावातल्या व्यापाऱ्यांच्या, फौंड्रीवाल्यांच्या आणि ऊस बागायतदारांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. काळ्या पट्ट्यांचा सूट घातलेला माणूस पोतं उचलतो, जिना चढतो, हसतो. खाली मजकूर आहे, त्याचा सारांश असा: हा सूट घातला की ५० किलोचं पोतं ५ किलोचं वाटतं, आतला सेन्सर मेंदूतला विचार ओळखतो, एकदा चार्ज केला की दिवसभर चालतो, कुणीही घालावा, लगेच फायदा, २४ टक्के ताकद वाचते हे परदेशात सिद्ध झालंय, कंबरदुखी कायमची जाते, आणि आपली इंजिनिअरिंगची पोरं हाच सूट तीन हजारांत बनवतील. मजकूर आधी मराठीत आला, मग कन्नडमध्ये. सीमाभागात दोन्हीकडचं एकमत होईल असे विषय मोजकेच, त्यात हा एक निघाला.

या सूटला एक्झोस्केलेटन म्हणतात, बोलताना नुसतं 'एक्झो'. ताठ सांगाड्याऐवजी कापडी पट्टे आणि केबल असतील तर एक्झोसूट. मोटर नसलेला, स्प्रिंगवर किंवा रबरावर चालणारा तो पॅसिव्ह. मोटर-बॅटरीवाला तो अ‍ॅक्टिव्ह. पाठीचा वेगळा, खांद्याचा वेगळा, घोट्याचा वेगळा. व्हिडिओवाल्यानं हे सगळे एका माळेत ओवलेत, आणि निम्मा घोळ तिथंच झालाय. आता एकेक दावा घेऊ.

"५० किलोचं पोतं ५ किलोचं वाटतं"

हे मोजपट्टी आणि कॅल्क्युलेटर घेऊन तपासता येतं. ७० किलो वजनाचा गडी जमिनीवरचं पोतं वाकून उचलतोय असं धरा. पोत्याचा मध्य त्याच्या कमरेतल्या मणक्यांमधल्या सगळ्यात खालच्या चकतीपासून ४० सेंटिमीटर पुढे आहे. ५० × ९.८ × ०.४ म्हणजे १९६ न्यूटन-मीटर इतका पीळ (टॉर्क, म्हणजे वळवणारा जोर) कमरेवर येतो. त्यात त्याचं स्वतःचं धड, डोकं आणि हात: सुमारे ४२ किलो, मध्य २५ सेंटिमीटर पुढे, म्हणजे आणखी १०३. एकूण ३०० च्या घरात. हा पीळ पेलणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम साडेपाच सेंटिमीटरवरून ओढतात. तरफ इतकी आखूड की त्यांना ३०० ÷ ०.०५५, म्हणजे जवळपास ५,४५० न्यूटन जोर लावावा लागतो, आणि तो सगळा चकतीवर दाब म्हणून बसतो. साडेपाचशे किलोचा दाब झाला. अमेरिकेची सरकारी कामगार-आरोग्य संस्था 'नायॉश' हा दाब ३,४०० न्यूटनच्या आत ठेवा म्हणते.

बाजारातले स्प्रिंगवाले पाठ-एक्झो वाकलेल्या माणसाला साधारण २० ते ४० न्यूटन-मीटर आधार देतात. मधला ३० चा आकडा घ्या. पीळ २७० वर आला, दाब ४,९०० न्यूटनवर. दहा टक्के कमी. हे अगदीच फुकट नाही. दिवसात चारशे वेळा वाकणाऱ्याला दहा टक्क्यांची किंमत कळते. पण ५० चे ५ कुठे आणि ५० चे ४२-४३ कुठे.

बरं, ५० चे ५ करायचेच ठरवले तर? मग सूटनं १७६ न्यूटन-मीटर द्यायला हवेत. ते येणार कुठून? पाठ-एक्झो छातीवरच्या गादीला मागे ढकलतो आणि मांड्यांवरच्या गाद्यांवर रेटा घेतो. खुब्यापासून छातीची गादी ४० सेंटिमीटर वर असेल, तर तिच्यावर ४४० न्यूटन जोर येईल. म्हणजे ४५ किलो. पोत्यातून गायब झालेले ४५ किलो सापडले: ते छातीच्या हाडावर येऊन बसलेत, आणि मांड्यांवरही तेवढ्याच तोलाचा रेटा आहे. प्रत्येक वेळी वाकताना. असा सूट कुणी अर्धा तास अंगावर ठेवणार नाही. चांगल्या कंपन्या ३०-४० वर थांबतात त्याचं कारण मोटर मिळत नाही हे नसून माणसाची छाती आणि कातडी हे आहे.

हात, गुडघे आणि तळपाय यांच्यावर पोत्याचं वजन पूर्णच येतं, वर सूटचं वेगळं. ओझं खरोखर अंगावरून काढून जमिनीत उतरवायचं असेल, तर खांद्यापासून बुटापर्यंत ताठ सांगाडा लागतो. १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकनं 'हार्डीमन' नावाचा असा सांगाडा करायला घेतला. त्याचंच वजन ६८० किलोच्या आसपास गेलं. पूर्ण यंत्र एकदम चालू केलं की ते बेफाम हलायचं, म्हणून माणूस आत घालून ते कधी चालवलंच नाही. एक हात तेवढा कामाचा निघाला.

रविवार पेठेतला हमाल मुळात पोतं असं उचलतच नाही, हेही व्हिडिओवाल्यानं बघितलेलं नाही. दोघं आकडा लावून पोतं उचलून देतात, तिसरा वाकून ते मानेखाली पाठीवर घेतो. पोत्याचा मध्य कण्याच्या जवळ आला की ४० सेंटिमीटरची तरफ १० च्या आसपास येते, आणि पोत्याचा पीळ आपोआप चौथाईवर. कुठलाही एक्झो एवढा फरक पाडत नाही. आणि गंमत म्हणजे पाठ-एक्झोची चौकट नेमकी तिथंच असते जिथं पोतं बसतं.

"सेन्सर मेंदूतला विचार ओळखतो"

मेंदूवरून चालणारा एक्झो अस्तित्वात आहे, पण तो काय आहे ते ऐका. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी हातपाय लुळे पडलेल्या एका माणसाच्या कवटीत, मेंदूच्या आवरणावर दोन यंत्रं बसवली आणि त्या संकेतांवर अख्ख्या शरीराचा एक्झो हलवून दाखवला. तोल जाऊ नये म्हणून तो एक्झो छताला टांगलेला होता. गोडावनातल्या पट्ट्याशी याचा काही संबंध नाही.

जपानची 'हाल' ही यंत्रणा मेंदूचे संकेत वाचते असं सांगितलं जातं. ती वाचते स्नायूंवरच्या कातडीतून. स्नायू आकसायच्या आधी त्यात वीज खेळते. कातडीवर ती काही मायक्रोव्होल्टपासून फार तर दोनचार मिलिव्होल्ट एवढीच असते. स्नायूनं प्रत्यक्ष जोर धरायच्या ३० ते १०० मिलिसेकंद आधी हा संकेत येतो, हा त्याचा मोठा फायदा: यंत्राला तयारीला वेळ मिळतो. तोटेही तितकेच. घामानं इलेक्ट्रोड सुटतो. दीड सेंटिमीटर सरकला की शेजारच्या स्नायूचं बोलणं ऐकू येतं. घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण नेमकी याच संकेताच्या पट्ट्यात मिसळते. फौंड्रीत इंडक्शन भट्टीजवळ हे मोजायला गेलात तर काय दिसेल याची कल्पना करा. आणि रोज सकाळी इलेक्ट्रोड लावल्यावर प्रत्येकाचा पूर्ण जोर मोजून यंत्राला नव्यानं माप द्यावं लागतं.

म्हणून कामावरचे बहुतेक एक्झो स्नायूसुद्धा वाचत नाहीत. त्यांच्यात मोबाईलमध्ये असतो तसलाच झुकाव आणि वेग मोजणारा सेन्सर, सांध्याचा कोन सांगणारा एन्कोडर, केबलवर किंवा बुटात जोर मोजणारी लोडसेल, एवढंच असतं. बाकीचं नियंत्रण. आणि या विषयातलं खरं कसब तिथंच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

नियंत्रणाचे तीन मजले असतात. सगळ्यात वरचा ठरवतो, माणूस काय करतोय: चालतोय, चढतोय, वाकतोय? मधला ठरवतो, या क्षणी किती पीळ द्यायचा. खालचा मोटरच्या करंटला सेकंदाला हजारच्या आसपास वेळा बघत तेवढाच पीळ निघतोय ना हे सांभाळतो. खालचा मजला बांधणं सर्वांत सोपं वाटतं, पण लबाडी तिथंच सुरू होते. एक्झोसूटची केबल म्हणजे सायकलच्या ब्रेकची केबल, तीच आत तार आणि वर आवरण. वळण वाढलं की घर्षण वाढतं, आणि मोटरनं ओढलेला जोर टोकाला पोचेपर्यंत बराच खाल्ला जातो. म्हणून लोडसेल मोटरकडे न बसवता शरीराच्या टोकाला बसवतात. ताठ एक्झोत गिअरबॉक्स असतो. १०० ला १ असा गिअर लावला की पीळ शंभरपट होतो हे कुठल्याही फिटरला माहीत आहे. पण मोटरच्या रोटरचं जडत्व सांध्याला शंभरपट नाही, दहा हजारपट जाणवतं, कारण ते गिअरच्या वर्गानं वाढतं. परिणाम: मोटर बंद असली की पाय चिखलात रुतल्यासारखा. १९९५ मध्ये एमआयटीत मांडलेली युक्ती, गिअर आणि सांधा यांच्यात मुद्दाम स्प्रिंग घालायची, यावरच उपाय म्हणून आली. स्प्रिंग किती ताणली ते मोजा, जोर कळतो. आणि धक्का गिअरच्या दातांवर न जाता स्प्रिंगवर जातो.

मधल्या मजल्यावर सगळा खेळ वेळेचा. टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत साधारण १.१ सेकंद. याचे शंभर भाग केले तर एक भाग ११ मिलिसेकंदांचा. बेल्जियममधल्या गेंटच्या गटानं २०१३ मध्ये हवेच्या दाबावर चालणारा घोट्याचा एक्झो घेऊन घोट्याला द्यायचा रेटा या शंभरांतल्या कितव्या भागाला सुरू करायचा ते बदलून बघितलं. सर्वांत जास्त फायदा, म्हणजे नुसतं चालण्यापेक्षा सुमारे ६ टक्के कमी ऊर्जा, रेटा ४३ व्या भागाच्या आसपास सुरू केल्यावर मिळाला. लवकर दिला तर फायदा आटला. तोच एक्झो, तोच माणूस, तोच जोर. फरक फक्त काही दशांश सेकंदांचा.

यंत्राला हा भाग कळतो कसा? मागच्या काही पावलांच्या सरासरीवरून. ट्रेडमिलवर ते सुरेख जमतं. खानापूरकडच्या भातखाचरात बांधावर चढताना, सरीतून आडवं जाताना, पाचटावर पाय घसरताना पावलांची लयच नसते, आणि यंत्र मागच्या पावलाचा जोर पुढच्या पावलावर लावतं. यावर काम जोरात चालू आहे. २०२४ मध्ये जॉर्जिया टेकच्या गटानं न्यूरल नेटवर्क वापरून 'माणूस काय करतोय' हा प्रश्नच वगळला आणि प्रत्येक क्षणी सांध्यावर किती पीळ आहे याचा थेट अंदाज घेऊन मदत दिली. म्हणजे एआय आहे, खोटं नाही. पण ते सांध्याचा पीळ ओळखतं, मनातला विचार नाही.

"एकदा चार्ज केला की दिवसभर"

इथे मजकूर वाटतो तितका खोटा नाही, फक्त चुकीच्या कारणानं खरा आहे. दिवसात ३०० पोती प्रत्येकी एक मीटर उचलली तर निव्वळ काम ३०० × ५० × ९.८ × १, म्हणजे १ लाख ४७ हजार ज्यूल, म्हणजे ४१ वॅट-तास. मोटर आणि गिअर मिळून ४० टक्के कार्यक्षम धरले तर १०० वॅट-तास. एका १८६५० मापाच्या लिथियम सेलमध्ये १० वॅट-तास आणि वजन ४५-५० ग्रॅम. दहाबारा सेल पुरे! अर्धा किलो!

मग गाडी अडते कुठे? धरून ठेवण्यात. अर्धवट वाकून उभं राहिलं की काम शून्य, पण मोटर पीळ धरून असते. वळणाचा रोध ०.२ ओहम आणि करंट २० अँपिअर असेल तर ८० वॅट नुसती उष्णता. तासभर असं धरलं तर ८० वॅट-तास गेले आणि एक पोतं हललं नाही. म्हणून हुशार डिझाईनमध्ये क्लच असतो. २०१५ मध्ये कॉलिन्स, विगिन आणि सॉविकी यांनी केलेल्या घोट्याच्या एक्झोत मोटर नव्हती, बॅटरी नव्हती; एक स्प्रिंग आणि पाय टेकला की आपोआप अडकणारा यांत्रिक क्लच होता. चालण्याची ऊर्जा ७.२ टक्क्यांनी घटली. स्प्रिंग फार मऊ किंवा फार कडक केली की फायदा गेला.

उष्णतेचं एक. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. भट्टीशेजारच्या भिंतीवरचा प्लगपॉइंट त्यासाठी वापरू नका. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा अशी की कनेक्टर हिरवे पडतात; पाण्यापासून संरक्षणाचा आयपी क्रमांक विचारल्याशिवाय काही घेऊ नका.

"कुणीही घालावा, लगेच फायदा"

स्टॅनफर्डमध्ये पॉगेन्सी आणि कॉलिन्स यांनी २०२१ मध्ये हेच तपासलं: माणूस एक्झोबरोबर चालण्यात पटाईत व्हायला किती वेळ लागतो? मदत घेत चालण्याची साधारण १०९ मिनिटं, तीही अनेक दिवसांत विभागून. पहिल्या दिवशी शरीर मदतीशी भांडतं. 'घालून बघितला, काही फरक नाही' किंवा 'घालून बघितला, कमाल आहे', ही दोन्ही मतं पहिल्या दहा मिनिटांची असतील तर निकामी.

मापाचं म्हणाल तर गुडघा बिजागरी नाही. वाकताना त्याचा फिरण्याचा मध्य सरकतो. एक्झोचं बेअरिंग मात्र जागचं हलत नाही. दोन्हींतला फरक कुठेतरी जिरायला हवा, आणि तो जिरतो पट्ट्याखाली: पट्टा वरखाली घासतो, कातडी सोलते. घट्ट आवळला तर घासणं थांबतं, पण रक्तही थांबतं. केशवाहिन्यांतला दाब ३२ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास, त्याच्या वर खूप वेळ दाबून ठेवलं की कातडीला रक्त मिळत नाही. रुंद पट्टा, आत घाम शोषणारी जाळी आणि सांध्याजवळ थोडी सुटी ढिलाई, असा मधला रस्ता काढतात.

आणखी एक गोष्ट कुठल्याच व्हिडिओत नाही. मांडीचे पट्टे पँटवर बसतील असे बनवलेले असतात. आपल्याकडे भांगलण आणि भाताची लावण बहुतेक बायका करतात, साडी वर खोचून. साडीच्या निऱ्यांवर पट्टा टिकत नाही, दहा पावलांत गुडघ्यावर येतो. भांगलण तर उकिडवं बसून चालते, तिथे पाठीच्या स्प्रिंगला कामच नाही, उलट मांडी पोटाशी येऊ देत नाही. लावण मात्र पाय जवळपास ताठ ठेवून तासन्‌तास वाकून असते. खरं तर पाठ-एक्झोला याहून योग्य काम नाही. ज्याला संशोधन करायचंय त्यानं चिखलात चालेल आणि साडीवर बसेल असा पट्टा करून दाखवावा.

"२४ टक्के ताकद वाचते हे सिद्ध झालंय"

२४ हा आकडा खरा आहे. २०१७ मध्ये झांग आणि सहकाऱ्यांनी माणूस चालत असतानाच त्याच्या श्वासावरून ऊर्जेचा खर्च मोजत, यंत्राकडूनच त्या माणसाला सोयीची मदत शोधून घेतली. सरासरी २४.२ टक्के बचत. पण कशाच्या तुलनेत? तोच एक्झो पायात घालून, मदत बंद ठेवून चालण्याच्या तुलनेत. पायात यंत्राचं वजन आधीच आहे, आणि पायावरचं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा चार ते सहापट महाग पडतं. डोंगर चढणाऱ्याला हे बुटावरून कळतं.

साध्या बुटांशी तुलना केलेले आकडे वेगळे: वर सांगितलेले ७.२, हार्वर्डचा २०१९ चा पाच किलोचा सूट चालताना ९.३ आणि पळताना ४; स्टॅनफर्डचा २०२२ चा घोट्याचा एक्झो, प्रयोगशाळेबाहेर खऱ्या रस्त्यावर, तेवढ्याच अंतराला १७ टक्के. यातला शेवटचा आकडा फार मोठा आहे, त्याचं कौतुक करायलाच हवं. चालायला मदत करणाऱ्या यंत्राचं पेटंट रशियातल्या निकोलस यॅगननं १८९० मध्ये घेतलं होतं, आणि यंत्राशिवाय चालण्यापेक्षा खर्च खरोखर कमी झाल्याचं प्रयोगात दिसायला २०१३ उजाडलं. पण हे सगळे आकडे चालण्याचे आहेत. पोतं उचलण्याचे नाहीत. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढण्याचे तर मुळीच नाहीत.

उचलण्यावरचा आकडा हवा असेल तर २०१६ मध्ये डे लोझ आणि सहकाऱ्यांनी घेतलेला आढावा आहे: पॅसिव्ह एक्झो घातल्यावर पाठीच्या स्नायूंची क्रिया १० ते ४० टक्क्यांनी कमी दिसली. हेही स्नायूंवरचे संकेत आहेत. कंबर किती जणांची वाचली, त्याचं मोजमाप नव्हे.

"कंबरदुखी कायमची जाते"

याला फार जागा द्यायची गरज नाही. एक्झो औषध नाही. कमरेला आवळायचे साधे पट्टे कामगारांना वाटल्यानं दुखापती कमी होतात का, हे नायॉशनं मोठ्या दुकानांतल्या हजारो कामगारांवर बघितलं. २०००च्या अखेरीला निष्कर्ष आला की कमी होत नाहीत. आधीच चकती सरकलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय छाती-मांडीवर रेटा देणारं काही घालू नये. कण्याला इजा झालेल्यांसाठी 'रीवॉक'सारखे एक्झो आहेत, अमेरिकेत २०१४ पासून मान्यताही आहे, पण तेही कुबड्या धरून आणि शिकून वापरायचे असतात.

निपाणीच्या विडीवाल्या बायकांसाठी हातमोजा असंही त्या मजकुरात कुणीतरी मागाहून जोडलंय. पकड घट्ट करणारे मोजे आहेत, ते हत्यार आवळून धरणाऱ्यांसाठी. पान वळण्याच्या नाजूक हालचालीत मोजा अडचणच करतो.

"आपली पोरं तीन हजारांत बनवतील"

पोरं हुशार आहेत, प्रश्न तो नाही. व्हिडिओत दिसणारा सर्वो, म्हणजे छोटी गिअरवाली मोटर, एमजी९९६आर जातीचा आहे. ६ व्होल्टवर त्याचा पीळ ११ किलो-सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम १.१ न्यूटन-मीटर. वरच्या हिशेबातल्या ३० न्यूटन-मीटरच्या माफक मदतीलाच असे २७-२८ लागतील, आणि प्रत्येक अडकल्यावर अडीच अँपिअर खाईल. सगळे एकदम अडकले तर सत्तर अँपिअर; ब्रेडबोर्डवरच्या तारा वितळतील. दातही पहिल्या झटक्याला जातात. कोपर वाकवून दाखवणारं मॉडेल म्हणून ठीक, माणसाच्या अंगावर बांधायला नाही.

खरोखर काही करायचं असेल तर मोटर सोडा, स्प्रिंगनं सुरुवात करा. कापडी जॅकेट, मांडीला रुंद पट्टे, पाठीवरून दोन रबरी पट्टे, आणि चालताना पट्टे ढिले सोडणारा एक क्लच. आधी रबराला स्प्रिंगकाटा लावून दर पाच सेंटिमीटरला ताण मोजा आणि आलेख काढा; ओढतानाची आणि सोडतानाची रेघ वेगळी येईल, मधली जागा म्हणजे उष्णतेत गेलेली ऊर्जा. हा आलेख काढल्याशिवाय अंगावर काही घालू नका. मोटरवाल्यात तर प्लग ओढला की सुटेल असा आपत्कालीन स्विच, सांधा उलटा न वळू देणारा यांत्रिक अडसर, आणि पट्ट्याचे बकल एका हातानं सुटतील असे, या तीन गोष्टी सॉफ्टवेअरच्या आधी.

घ्यायचाच असेल तर

२०१८ मध्ये फोर्डनं आपल्या १५ कारखान्यांत खांद्याचे ७५ एक्झो दिले. ते गाडीखाली उभं राहून डोक्यावर हात ठेवून नट आवळणाऱ्यांसाठी होते. प्रत्येक हाताला सव्वादोन ते पावणेसात किलोचा आधार. हे पाहून उद्यमबागेतल्या फौंड्रीत कुणी फेटलिंगवाल्याला, म्हणजे ओतकामाचे खडबडीत काठ घासणाऱ्याला, तोच आणून दिला तर उलटं होईल. फेटलिंगला ग्राइंडर कमरेच्या उंचीवर, खाली दाबून धरावा लागतो. हात वर ढकलणारी स्प्रिंग तिथे त्याच्याच विरुद्ध काम करेल आणि खांदे लवकर भरून येतील.

म्हणून आधी काम निवडा, मग यंत्र. एका माणसाचा एक तास मोबाईलवर बाजूनं चित्रित करा. किती वेळा वाकतो, किती वेळ वाकलेला राहतो, वाकलेलाच चालतो का, शिडी चढतो का, हे मोजून लिहा. ओझ्याचं वजन घ्या, आणि कमरेपासून ओझ्याच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर मोजपट्टीनं घ्या. हे अंतर ४० वरून २५ सेंटिमीटरवर आणता येत असेल तर पोत्याचा वाटा १९६ वरून १२३ न्यूटन-मीटरवर येतो, आणि त्यासाठी कोपरभर उंचीचा एक लाकडी ठोकळा किंवा चाकांचं टेबल पुरतं. ५० ऐवजी २५ किलोची पिशवी घेतली तर तो वाटा निम्मा. हे दोन्ही करून झाल्यावरही वाकणं शिल्लक राहत असेल, तर पाठ-एक्झो आणा.

पहिल्या दिवशी वीस मिनिटं, मग रोज वीसेक मिनिटं वाढवत आठवडाभर. काढल्यावर छाती आणि मांड्यांवरचे वळ बघा; अर्ध्या तासात गेले नाहीत तर गादी बदला किंवा ताण कमी करा. कंबर हलकी वाटली तर एवढ्यावर खूश होऊ नका, गुडघे आणि मान यांचंही विचारा, कारण ओझं सरकून तिकडे जातं. आणि कुणावर सक्ती करू नका. पट्टा खुंटीला टांगून ठेवा, शेजारी वही ठेवा, आणि तिसऱ्या आठवड्यात कामगार तो आपणहून किती वेळा उतरवून घेतात ते मोजा.